आचोळे

पालघर जिल्ह्याच्या वसई तालुक्यातील मूळचे गाव, आज नालासोपारा पूर्वेचा गजबजलेला भाग. पश्चिमेस रेल्वेमार्ग, पूर्वेस तुंगारेश्वराचे डोंगर. मधली जमीन सखल, म्हणून मोठ्या पावसात आचोळे रस्ता पाण्याखाली जातो. रुळांपलीकडचे सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. तिथला बौद्ध स्तूप भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली उकरला. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि हा मुलूख पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आला. २००९ पासून गाव वसई-विरार महापालिकेत, तर २०१४ पर्यंत जिल्हा ठाणे. इमारतींच्या गर्दीत जुन्या गावाची खरी खूण म्हणजे आचोळे तलाव. तो जपलाच पाहिजे.