पुसलेली बेगम

पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळांत ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ ही सचित्र फारसी पोथी जतन केलेली आहे. आफताबी नांवाच्या कवीनें तींत अहमदनगरचा हुसेन निजामशहा व त्याची बेगम खुंजा हुमायून यांची स्तुति गाइली असून, १५६५ च्या तालिकोटच्या विजयाचेंही वर्णन केलें आहे. मूळच्या चौदा चित्रांपैकीं आज बारा उरलीं आहेत. दख्खनी चित्रकलेचे इतके जुने नमुने फारच थोडे.

हीं चित्रें न्याहाळतांना एक गोष्ट ध्यानांत येते. सुलतानाशेजारची बेगमेची आकृति बहुतेक ठिकाणीं खरडून वा रंगाखालीं झांकून टाकिली आहे. तिचें कारण राजघराण्यांतच सांपडतें. १५६५ सालींच हुसेन वारला; पुत्र मुर्तझा अल्पवयी, म्हणून बेगमेनें कारभार हातीं घेतला. पुढें १५६९ सालीं त्याच पुत्रानें तिला कैद केलें. तिच्या पाडावानंतरच ह्या आकृति पुसल्या गेल्या असाव्यात, असें अभ्यासक मानितात.

ग्रंथाचा धनी बदलला कीं त्याच्या पानांवरही सत्तेचा हात फिरतो, तो असा. चित्रांतील बेगम गेली. कवीचे शब्द मात्र राहिले, आणि त्यांच्याच आधारें त्या रिकाम्या जागीं कोण बसली होती हें आज आपणांस ओळखतां येतें.