सह्याद्री धावला होता, पण हिमालयात धावायचं नसतं

परवा मारुती मंदिरला चहा घेताना एक ओळखीचे गृहस्थ भेटले. वय पंचावन्न, तब्येत खणखणीत. म्हणाले, "लेहला चाललोय. रात्रीची गाडी धरून मुंबई, तिथून विमान, की पोचलोच. दुसऱ्या दिवशी खारदुंग ला." मी विचारलं, "पोचल्यावर विश्रांती?" तर हसले. "अहो, मी दरवर्षी रायगड पायी चढतो!"

त्या एका वाक्यासाठी ही पोस्ट लिहितोय. थोडी लांब आहे, पण या सुट्टीत घरातलं कुणी लडाखला किंवा केदारनाथला जाणार असेल तर वाचाच.

रायगड पायी चढणं उत्तमच. पण महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर कळसूबाई, तेही १,६४६ मीटर. उंचीचा त्रास साधारण २,५०० मीटरच्या वर सुरू होतो. म्हणजे आपल्या राज्यात कुठेही चढा, या बाबतीत शरीराची परीक्षा होतच नाही. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब आपल्या भाट्याच्या किनाऱ्यावर असतो त्याच्या जेमतेम दोन तृतीयांश. दर श्वासाला प्राणवायूही तेवढाच कमी.

आता थोडा इतिहास. "हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला" हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकतो. नोव्हेंबर १९६२ मध्ये यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षणमंत्री झाले, तेव्हाचं. पण सह्याद्रीला धावावं का लागलं, यातला एक भाग फारसा कुणी सांगत नाही.

त्या वर्षी सपाटीवरच्या पलटणी घाईघाईने सीमेवर चढवल्या गेल्या. पूर्वेला नामका चू नदीच्या खोऱ्यात तर अनेक जवान उन्हाळी सुती कपड्यांत होते आणि आसपासच्या जागा चौदा हजार फुटांपर्यंत. शरीराला तिथल्या हवेची सवय व्हायला वेळच दिला नव्हता. तिथली सूत्रं ज्यांच्या हाती होती ते लेफ्टनंट जनरल बी. एम. कौल स्वतःच छातीच्या आणि श्वासाच्या त्रासाने आजारी पडले, त्यांना दिल्लीला आणावं लागलं. दोनच दिवसांनी, २० ऑक्टोबरला, चिनी हल्ला झाला.

पराभवाची कारणं अनेक होती, सगळं उंचीच्या माथी मारता येणार नाही. पण चौकशीत हा मुद्दा आलाच. २ सप्टेंबर १९६३ रोजी यशवंतरावांनी लोकसभेत चौकशीचा गोषवारा सांगितला, त्यात जवानांच्या शारीरिक क्षमतेचा वेगळा विषय होता. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा: उंचीची सवय नसलेलं सैन्य सवय असलेल्या सैन्याइतकं सक्षम असू शकत नाही. आणि बहुतेकांना सपाटीवरून ऐनवेळी वर पाठवलं होतं, तरी आपले जवान, अधिकारी तिथल्या हवेत टिकून राहिले.

डॉक्टरांनाही हा आजार तेव्हा नीट उमगत होता असं नाही. फुप्फुसात पाणी झालेला जवान न्यूमोनियाचा समजला जायचा. निरोगी तरुणालाही केवळ उंचीमुळे असं होतं, हे अमेरिकेतल्या चार्ल्स ह्यूस्टन यांनी १९६० मध्ये मांडलं होतं. पुढे आपल्या लष्करातले डॉ. इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी उंचीचा त्रास झालेल्या १,९२५ जवानांचा अभ्यास १९६९ साली प्रसिद्ध केला. आज जगभर या विषयावर लिहिताना त्याचा उल्लेख होतो. ते आपल्या जवानांनी भोगलेलं दुखणं आहे, हे विसरू नये.

त्यातली एक गोष्ट पर्यटकाने पाठच करावी. त्रास पोचल्याबरोबर होत नाही, सहा तासांपासून चार दिवसांपर्यंत कधीही सुरू होतो. म्हणून विमानातून उतरल्यावर "मला तर काहीच होत नाहीये" याला अर्थ नाही.

लष्कराने धडा घेतला. आता जवानाला ९,००० ते १२,००० फुटांवर सहा दिवस, १५,००० पर्यंत आणखी चार आणि त्यावर जायचं तर पुन्हा चार दिवस सवय करून घ्यावी लागते. आपली सहल एकूण सहा दिवसांची. लष्कराचा नुसता पहिला टप्पा सहा दिवसांचा!

धोका कुणाला जास्त? जो भरभर चढतो, पोचताच धावपळ करतो, वर जाऊन झोपतो, ज्याला पूर्वी हा त्रास झालाय आणि जो आपल्यासारखा समुद्रसपाटीवर राहतो, त्याला. व्यायामाने कमावलेलं शरीर इथे कवच ठरत नाही. उलट दणकट तरुण डोकेदुखी अंगावर काढतो आणि अडकतो. हृदयाचा, फुप्फुसाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचाराच.

करायचं काय? लेहला विमानाने गेलात तर पहिले दोन दिवस चक्क आराम. दारू नको, झोपेची गोळी नको. ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका, तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबा. डायमॉक्सची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. डोकं दुखतंय, मळमळतंय, तर आणखी वर जाऊ नका. बसल्याजागी धाप लागली, खोकल्यात फेस आला, चालताना झोक गेला किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच खाली उतरवा. ऑक्सिजनचा डबा तेवढ्यापुरता, खरा उपाय खाली उतरणं. हेलिकॉप्टरने केदारनाथला जाणाऱ्यांनीही लक्षात ठेवा, तेही साडेतीन हजार मीटरच्या वर आहे.

काल त्या गृहस्थांचा फोन आला. टूरवाला म्हणतो, कार्यक्रम बदलता येणार नाही. मी म्हटलं, "त्याचा नाही बदलत ना, तुमचा बदला. दुसऱ्या दिवशी गाडीत बसूच नका. खारदुंग ला राहिलं तरी चालेल."

विचार करतो म्हणाले. वहिनींनाही हे पाठवतोय.