अंगावरचं गाव

कमरेमागे पट्टा आवळा आणि गुडघ्यांवर बसा. मागाचं एक टोक या पट्ट्याला, दुसरं समोरच्या झाडाला बांधलेलं आहे. मागे रेललात की ताणा ताठ होतो, पुढे झुकलात की सैल पडतो. अर्धा माग म्हणजे तुमचंच शरीर. मक्याच्या पेजेची खळ पिऊन सूत कडक झालंय. तुम्ही माया लोकांच्या मुलखात आहात, इसवी सन 800 च्या आगेमागे. जाइना बेटावरच्या थडग्यांत सापडलेली मातीची विणकरीण अशीच बसलेली आहे. तिच्या मागाच्या खुंटावर एक पक्षी टेकलाय. त्याचे गूढ अर्थ लावत बसू नका. बाई तासन् तास जागची हलत नाही म्हटल्यावर पाखरू येऊन बसणारच.

आडवा धागा घाला, लाकडी पट्टीने ठोका.

12 जुलै 1562, युकातानमधलं मानी. दिएगो दे लान्दा नावाचा फ्रान्सिस्कन पाद्री माया लिपीतल्या पोथ्यांना आग लावतोय. धुराने तुमचे डोळे चुरचुरतात. अशा पोथ्या पुढे साऱ्या जगात मिळून चारच उरणार आहेत. तुम्ही घरी येता आणि पुन्हा पट्टा बांधता. नक्षी पोथीत लिहिलेली नाही. आई बोटांनी धागे मोजते, शेजारी बसलेली मुलगी ते मनात धरते.

पुन्हा ठोका. जरा जोरात, कारण आता चार शतकं ओलांडायची आहेत.

1982. ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागातलं सान हुआन कोमालापा, काक्चिकेल भाषा बोलणारं विणकरांचं गाव. मार्चमध्ये जनरल रिओस मोन्तने सत्ता बळकावली आहे. तुमच्या अंगात विपिल आहे, म्हणजे इथल्या बायकांचा सैलसर अंगरखा, खांद्यावर लाल पट्टा असलेला. बाजारात कुणीही तो पाहून तुमचं गाव सांगेल. आजवर यात मिरवण्यासारखं काहीतरी होतं. पण नाक्यावरच्या सैनिकालाही तुमचं गाव असंच कळतं, आणि ज्या गावावर बंडखोरांना थारा दिल्याचा संशय आहे, तिथल्या बाईच्या तो जिवावर बेततो. तुम्ही विपिल काढून गाठोड्याच्या तळाशी दडपता आणि शहरातून आणलेला ब्लाऊज चढवता. काक्चिकेलमध्ये बोलायचंही टाळता. अशा किती बायकांनी वेश सोडला, त्यातल्या किती जणींच्या लेकी पुन्हा मागावर बसल्याच नाहीत, याची मोजदाद कोण ठेवणार? मेलेल्यांची थोडीफार झाली. 1960 ते 1996 च्या यादवीत दोन लाखांहून अधिक माणसं मारली गेली किंवा नाहीशी झाली, असा सत्यशोधन आयोगाचा 1999 चा अंदाज आहे. ओळख पटलेल्या बळींपैकी 83 टक्के माया होते. कोमालापाच्या जुन्या लष्करी तळाची जमीन 2003 पासून खणली गेली, तेव्हा तिथून दोनशेहून जास्त जणांचे अवशेष निघाले.

2016. आता तुम्ही राजधानीत, घटनात्मक न्यायालयाच्या दारात, विपिल घालून उघडपणे उभ्या आहात. सोबत आफेदेस या साकातेपेकेसच्या महिला संघटनेच्या विणकरणी आहेत. विणलेल्या कापडाला त्या आपली पुस्तकं म्हणतात, वसाहतवाल्यांना जाळता न आलेली. त्यांची तक्रार सरळ आहे. हाताने विपिल विणायला महिनोन्महिने लागतात; कारखाना तीच नक्षी यंत्रावर छापून स्वस्तात विकतो. (येवल्याच्या पैठणीवाल्यांना हे दुखणं वेगळं समजावून सांगायला नको.) कायद्याला लेखक कळतो, कंपनी कळते, पिढ्यान् पिढ्या मिळून नक्षी घडवणारं गाव मात्र कळत नाही. मग ती नक्षी कुणाचीच नाही, म्हणून कुणीही उचलावी!

2017 मध्ये न्यायालयाने हे कायदे रद्द केले नाहीत, पण माया गावांच्या नक्षीवरच्या हक्कासाठी कायदा करावा, असं संसदेला सुचवलं. विणकरणींच्या मागणीवरून विधेयक त्याच वर्षी मांडलं गेलं होतं. ते पुढे अनेक वर्षं पडून राहिलं.

आता पट्टा सोडा आणि मला एवढं सांगा: ज्या वेशावरून सरकारी बंदुकीला गाव ओळखता येत होतं, त्याच वेशातल्या बायका पुढे सरकारच्या पर्यटन-जाहिरातींत हसताना चालतात, तर त्या वेशाचे मालक कोण हे कायद्यात लिहायला अडचण कसली? नक्षी वापरायची तर गावाला विचारा आणि नफ्यात वाटा द्या, एवढंच त्या मागतात. त्यात गैरवाजवी काय आहे, मला तरी दिसत नाही.