कर कोणाचा, मत कोणाचे?

उच्च शिक्षण आणि स्थानिक स्वराज्य हे दोन विषय निरनिराळ्या कपाटांत ठेवण्याची आपल्याकडे चाल आहे. पहिल्यावर प्राध्यापकांनी बोलावे, दुसऱ्यावर नगरसेवकांनी. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. कॉलेजची पायरी न चढता, पाळी संपल्यावर जे वाचता आले ते वाचले. त्यामुळे या दोन्ही विषयांना एकच प्रश्न विचारण्याची आम्हांला सवय लागली : पैसा कोणाचा, आणि मत कोणाचे?

हा प्रश्न आमचा नव्हे. तो १८८२ सालचा आहे. त्या वर्षी १८ मे रोजी लॉर्ड रिपन यांच्या सरकारने स्थानिक स्वराज्याचा ठराव केला. नगरपालिका व लोकल बोर्डे यांत बिनसरकारी सभासदांचे बहुमत असावे, जमेल तेथे ते निवडून आलेले असावेत, असा त्याचा आशय. कारभार लगेच सुधारेल म्हणून नव्हे, तर लोकांना राजकीय शिक्षण मिळावे म्हणून हे करावयाचे, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. त्याच वर्षी हंटर शिक्षण आयोग बसला, आणि १९ ऑक्टोबरच्या तारखेचे जोतीराव फुले यांचे निवेदन त्याच्यापुढे गेले.

जोतीराव १८७६ पासून पुणे नगरपालिकेचे सभासद होते, तेव्हा दोन्ही घरे त्यांनी आतून पाहिली होती. सरकारी तिजोरीतला पैसा रयतेच्या घामाचा, आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या मुलांवर, हा त्यांचा मुख्य आक्षेप. बारा वर्षांच्या वयापर्यंत तरी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यांची मागणी सर्वांना ठाऊक आहे. त्याच निवेदनातल्या दोन गोष्टी मात्र सहसा कोणी सांगत नाही.

पहिली गोष्ट विद्यापीठाची. खाजगी रीतीने अभ्यास केलेल्यांना मुंबई विद्यापीठाने प्रवेशपरीक्षेस बसू दिले, याबद्दल त्यांनी समाधान व्यक्त केले. आणि हीच सवलत बी. ए., एम. ए. या परीक्षांना द्यावी, म्हणजे पुष्कळ तरुण घरी अभ्यास करतील, असे सुचविले. दुसरी गोष्ट स्थानिक स्वराज्याची. शाळांचा निधी स्थानिक समित्यांच्या हाती देण्यास त्यांचा विरोध होता, कारण या समित्यांत पाटील, इनामदार, सरदार यांचाच भरणा असे. येथे काहींना विसंगती दिसेल. रयतेचा कैवारी, आणि स्थानिक सत्तेला विरोध? आम्हांला यात विसंगती दिसत नाही. सत्ता गावात आली म्हणजे ती गावाची झाली असे होत नाही. ती कोणाच्या ओसरीवर उतरते ते पाहावे लागते.

पुढे काय झाले? १८८८ च्या कायद्याने मुंबई महापालिकेत ७२ सभासद झाले. ३६ जण वॉर्डांतल्या करदात्यांनी निवडावयाचे, १६ जस्टिस ऑफ दि पीस मंडळींनी, १६ सरकारने नेमावयाचे, २ व्यापारी मंडळाचे, आणि २ मुंबई विद्यापीठाच्या फेलोंनी निवडलेले. विद्यापीठ आणि नगर यांची गाठ अशी कायद्यानेच मारलेली होती. फिरोजशहा मेहता, काशिनाथ त्रिंबक तेलंग यांच्यासारख्यांनी सरकारशी झगडून लोकनियुक्त जागा राखल्या, हे त्यांचे ऋण आम्ही मानतो. पण एका घराचे दार पदवीने उघडे, दुसऱ्याचे मालमत्तेने. गिरणीत राबणारा माणूस दोन्हीकडे बाहेर राहिला. घरपट्टी मालक भरी हे खरे. परंतु ती वसूल होई ती चाळीतल्या भाड्यातूनच. कर कामगाराचा, मत मालकाचे!

सरकारने विद्यापीठावरची पकड १९०४ मध्ये आणखी आवळली. लॉर्ड कर्झन यांच्या कायद्याने मुंबईच्या सिनेटवर जास्तीत जास्त शंभर फेलो ठरले. त्यांपैकी निवडून यावयाचे अवघे वीस. महापालिकेत १९२२ मध्ये दहा रुपये मासिक भाडे देणाऱ्यांस मत मिळाले. गिरणगावातल्या एका खोलीचे भाडे बहुधा याहून कमीच असे. प्रौढ मताधिकारावर महापालिकेची निवडणूक झाली ती १९४८ मध्ये. रिपन यांच्या ठरावाला तोवर ६६ वर्षे झाली होती.

त्यानंतर वाटचाल थांबली नाही. १९९२ मध्ये संमत झालेल्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्त्यांनी पंचायती आणि नगरपालिकांना संविधानात स्थान दिले. महाराष्ट्राने २०११ मध्ये निम्म्या जागा स्त्रियांना दिल्या. बहिःस्थ विद्यार्थ्यांना वाट हळूहळू मोकळी झाली, आणि १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभे राहिले. पाळीवरून आलेल्या माणसाला पदवी घेता येते, ही जोतीरावांच्या सूचनेचीच फळे होत.

मग आता तक्रार कशाची? दार उघडले, पण आतली बैठकच भरेनाशी झाली, याची. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, आणि तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. मुंबई विद्यापीठाच्या सिनेटवरील पदवीधरांच्या दहा जागांची निवडणूक ऑगस्ट २०२३ मध्ये स्थगित झाली. ती पार पडली सप्टेंबर २०२४ मध्ये. कारणे दोन्हीकडे निराळी असतील. युनियनमध्ये आम्हांला एक गोष्ट पक्की ठाऊक आहे : वार्षिक सभा पुढे ढकलणारा पदाधिकारी कारण नेहमीच चांगले सांगतो.

म्हणून सुधारणांच्या जाड अहवालांआधी तीन साध्या गोष्टी व्हाव्यात. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक, हा नियम दोन्ही घरांत अपवादावाचून पाळावा. पदवीबरोबरच पदवीधराचे नाव सिनेटच्या मतदारयादीत चढावे. त्यासाठी निराळा अर्ज व निराळे शुल्क नसावे. आणि महापालिकेच्या शाळा संध्याकाळी कुलूपबंद न ठेवता, मुक्त विद्यापीठाच्या कष्टकरी विद्यार्थ्यांना अभ्यासासाठी उघड्या कराव्यात. वर्ग आहेत, दिवे आहेत, बाकडी आहेत; आणि त्यांचा कर आम्ही सर्वांनी भरलेला आहे.