भयाचें शिक्षण, प्रीतीचें शिक्षण

एखादें मूल कुत्र्याला बिलगतें, दुसरें त्याला पाहून किंचाळतें. आणि घरांतलीं वडील माणसें 'ज्याचा त्याचा स्वभाव' म्हणून गप्प बसतात. या समजुतीला मोठा धक्का १९२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगानें दिला. रशियांत पावलॉव्ह यांनीं कुत्र्यांच्या ठिकाणीं सिद्ध केलेलें अभिसंधान, म्हणजे एका अनुभवाशीं दुसऱ्याची सांगड घालणें, तें माणसाच्या मुलावर चालतें कीं नाहीं, हें बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत जॉन वॉटसन व रोझाली रेनर यांना पाहावयाचें होतें.

'आल्बर्ट' नांवानें ओळखलें जाणारें तें मूल अकरा महिन्यांचें. पांढऱ्या उंदराकडे तें बेधडक हात नेई. हात लागला रे लागला, कीं पाठीमागें टांगलेल्या पोलादी दांडीवर हातोडा पडे. दोन बैठकींत मिळून उंदीर आणि तो कर्कश आवाज यांची सात वेळां जोडी जमविली गेली. मग नुसता उंदीर पुढें ठेवला. मूल रडूं लागलें, आणि इतक्या वेगानें रांगत सुटलें, कीं टेबलाच्या कडेशीं त्याला कसेंबसें धरावें लागलें. पुढें ससा, कुत्रा, केसाळ कातड्याचा कोटहि त्यास नकोसा झाला. लाकडी ठोकळ्यांशीं मात्र तें पूर्वींसारखेंच हंसत खेळे.

ही भीति घालविण्याचे उपायहि प्रयोगकर्त्यांनीं लिहून ठेविले. उंदीर दाखवितांना खाऊ द्यावा, हा त्यांतलाच एक. पण मूल रुग्णालयांतून नेलें गेल्यामुळें संधि हुकली, असें त्यांचें म्हणणें. नेण्याचा दिवस त्यांना महिनाभर आधीं ठाऊक होता, हें त्यांच्याच नोंदींवरून दिसतें! वॉटसन यांना त्याच वर्षीं खासगी कारणावरून विद्यापीठ सोडावें लागलें, व पुढें ते जाहिरातीच्या धंद्यांत गेले. लोकांच्या आवडी घडविण्याचाच तो धंदा.

उरलेलें काम मेरी कव्हर जोन्स या विदुषीनें न्यूयॉर्कमध्यें हातीं घेतलें व १९२४ सालीं प्रसिद्ध केलें. सुमारें तीन वर्षांचा 'पीटर' सशाला भिई. इतर निर्भय मुलांसोबत त्याला सशाजवळ खेळूं दिलें, आणि भीति ओसरूं लागली. तोंच त्याला तापानें गांठलें. इस्पितळांतून परततांना एक मोठा कुत्रा अंगावर आला, आणि झालेली प्रगति धुऊन गेली. तेव्हां नवी रीत योजिली. पीटर आवडीचें खाणें खात असतां पिंजऱ्यांतला ससा थोडाथोडा जवळ आणावयाचा. यांत घाई चालत नसे. कारण सशाची गोडी लागण्याऐवजीं खाण्याचीच भीति बसण्याचा धोका होता, आणि बाईंनीं तो स्पष्ट सांगितला आहे. आधीं बारा फूट, मग चार, मग तीन. मग खोलींत मोकळा ससा. अखेरीस पीटर सशाला आपलीं बोटें कुरतडूं देऊं लागला.