लेसर, ट्यूनेबल अर्धसंवाहक

चालू असतानाच ज्याच्या प्रकाशाची तरंगलांबी हवी तशी बदलता येते असा डायोड लेसर. वायूंचे प्रमाण, तापमान, विकृती (स्ट्रेन) व अंतर मोजणाऱ्या संवेदकांत त्याचा उपयोग होतो. पहिले अर्धसंवाहक लेसर १९६२ मध्ये अमेरिकेत तयार झाले. तरंगलांबी झटपट आणि न अडखळता बदलणारे लहान लेसर मात्र त्यानंतर पुष्कळ वर्षांनी हाती आले.

लेसरची तरंगलांबी त्याच्या दोन आरशांमधील अंतरावर अवलंबून असते. या अंतरात ठरावीक तरंगलांब्याच बसतात. त्यांना मोड म्हणतात. नेहमीच्या ०.३ मिमी. लांबीच्या डायोडमध्ये १५५० नॅनोमीटरच्या आसपास शेजारशेजारचे मोड जेमतेम १ नॅनोमीटर अंतरावर असतात. त्यामुळे तरंगलांबी सरकवू लागताच लेसर एका मोडवरून दुसऱ्यावर उडी मारतो आणि मापन बिघडते. डीएफबी लेसरमध्ये चिपमध्येच कोरलेली जाळी एकच मोड निवडते. त्याची तरंगलांबी तापमानाच्या दर अंशाला सुमारे ०.१ नॅनोमीटर सरकते. विद्युत्प्रवाहाने ती त्याहून कमी, पण फार लवकर सरकते.

दुसरा मार्ग आरशांमधील पोकळीच आखूड करण्याचा. पृष्ठभागातून लंब दिशेने प्रकाश देणाऱ्या लेसरची (व्हीसीएसईएल) कल्पना जपानमधील केनिची इगा यांनी १९७७ मध्ये मांडली. त्याच्या पोकळीची प्रकाशीय लांबी १० मायक्रोमीटर धरली तर मोडमधील अंतर १०० नॅनोमीटरच्या वर जाते, म्हणजे उडी मारायला शेजारी मोडच उरत नाही. वरचा आरसा सिलिकॉन तंत्राने बनवलेल्या सूक्ष्म पडद्यावर बसवून विद्युत्दाबाने खालीवर हलवला की तरंगलांबी सलग सरकते. पडदा अतिशय हलका असल्याने हे आवर्तन सेकंदाला लाखो वेळा होऊ शकते. डोळ्याच्या पडद्याची थरवार प्रतिमा घेणाऱ्या ओसीटी यंत्रांत अशा लेसरला विशेष मागणी आहे.

सर्वच कामांना इतका रुंद पल्ला लागत नाही. वायूची शोषणरेषा साध्या वातावरणीय दाबाला काही शतांश नॅनोमीटर रुंद असते, त्यामुळे तेथे डीएफबी पुरतो. मिथेनसाठी १६५४, ऑक्सिजनसाठी ७६०, अमोनियासाठी १५१२ नॅनोमीटरच्या आसपासचे लेसर वापरतात. उंब्रज-कराड परिसरातील साखर कारखान्यांसारख्या ठिकाणी, जेथे बगॅसवर बॉयलर चालतात, हे तंत्र उपयोगी पडण्याजोगे आहे. ऑक्सिजन मोजणारा झिर्कोनियाचा नेहमीचा प्रोब धुराड्यातील एकाच जागेचे मापन देतो. लेसरचा किरण आरपार जाऊन सबंध रुंदीची सरासरी देतो. राख आणि दमट धूर किरण अडवतात, ही त्याची उणी बाजू. आसवनीच्या स्पेंटवॉशपासून मिळणाऱ्या बायोगॅसमधील मिथेनही याच रीतीने मोजता येतो.

रुंद पल्ला लागतो तो फायबर ब्रॅग ग्रेटिंगच्या साखळीसाठी. काचतंतूत ठिकठिकाणी कोरलेली प्रत्येक ग्रेटिंग आपापली तरंगलांबी परत पाठवते. १५५० नॅनोमीटरजवळ एका मायक्रोस्ट्रेनला (लांबीत दहा लाखांत एक भाग बदल) ही तरंगलांबी सुमारे १.२ पिकोमीटर सरकते, तर एका अंशाला सुमारे १०. थोडक्यात, तापमानातील एका अंशाचा फरक आठ मायक्रोस्ट्रेनचा आभास निर्माण करतो. म्हणून ताण न पोचणारी एक जोड-ग्रेटिंग शेजारी ठेवावीच लागते. धरणे, पूल आणि खोल विवरे ही या पद्धतीची क्षेत्रे आहेत, कारण वीज लागणारे सर्व भाग वर राहतात आणि खाली फक्त काच जाते.

कोयना परिसर या दृष्टीने विचार करण्यासारखा आहे. तेथे ११ डिसेंबर १९६७ रोजी ६.३ महत्तेचा भूकंप झाला. जलाशयाशी निगडित भूकंपांच्या अभ्यासासाठी गोठणे येथे सुमारे ३ किमी. खोलीचे प्रायोगिक विवर खोदण्यात आले. हे काम कराडच्या भूभौतिकी विवर संशोधन प्रयोगशाळेकडे (बीजीआरएल) आहे. इतक्या खोलीवर लेसरचा वेगच अडचण होऊन बसतो. ३ किमी. तंतूतून प्रकाशाला जाऊन यायला सुमारे ३० मायक्रोसेकंद लागतात. सेकंदाला हजार वेळा १०० नॅनोमीटर पल्ला पार करणारा लेसर तेवढ्या वेळात ३ नॅनोमीटर पुढे गेलेला असतो. दुरुस्ती न केल्यास ही चूक २५०० मायक्रोस्ट्रेनइतकी भरते. तरंगलांबी एकदा चढती व एकदा उतरती फिरवून दोन्ही मापनांची सरासरी घेतली की ती निघून जाते. शिवाय भूकंपलहरींना सेकंदाला काही शे मापने पुरेशी असल्याने येथे सर्वांत वेगवान लेसर निवडण्यात अर्थ नाही.

तरंगलांबीची शुद्धता पल्ल्यापेक्षा महत्त्वाची असते तेथे डायोडबाहेर जाळी बसवून पोकळी लांबवतात. शीत अणूंच्या प्रयोगांत रुबिडियमसाठी ७८० नॅनोमीटरचे असे लेसर लागतात. पुण्याच्या आयसर संस्थेत या क्षेत्रात संशोधन चालते. राष्ट्रीय क्वांटम मिशनमध्ये संवेदन व मापनशास्त्राचे केंद्र आयआयटी मुंबईकडे सोपवले आहे. बाहेर जाळी बसवलेल्या लेसरची पोकळी सेंटिमीटरांत असल्याने तो आकाराने मोठा आणि धक्क्याला हळवा असतो. त्याची तरंगलांबी अणूच्या शोषणरेषेशी जुळवून तेथेच बांधून ठेवतात.