काटकसरीतून आलेला वेग

मोटार विकत घेऊ पाहणाऱ्या मराठी माणसाच्या बोलण्यात तीन शब्द हमखास येतात : पिकअप, ग्रिप आणि अ‍ॅव्हरेज. तिन्ही इंग्रजीतून आलेले, पण आपण त्यांना आपल्या सोयीचे अर्थ दिले आहेत. 'अ‍ॅव्हरेज' म्हणजे खरे तर सरासरी; आपल्या लेखी मात्र तो लिटरमागे किती किलोमीटर याचाच हिशेब. गाडी चटकन वेग घेते का, वळणावर रस्ता धरते का आणि पेट्रोल किती पिते, हे ते तीन प्रश्न. रूढ समजूत अशी की, यांतले पहिले दोन गुण स्पोर्ट्स कारच्या वाट्याचे आणि तिसरा रोजच्या वापराच्या गाडीच्या वाट्याचा. एकीकडे हौस, दुसरीकडे संसार. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मोटारींचा इतिहास पाहिला तर मात्र ही वाटणी टिकत नाही. केवळ काटकसरीसाठी जन्मलेल्या एका चिमुकल्या गाडीने तिला पहिला मोठा तडा दिला. ती गाडी म्हणजे ब्रिटनची मिनी.

मिनीच्या जन्माचे कारण राजकीय होते. जुलै १९५६ मध्ये इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले. त्यानंतरच्या युद्धात कालवा बंद पडला, तेलवाहू जहाजांची वाट अडली आणि डिसेंबर १९५६ पासून ब्रिटनमध्ये पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाले. ते पुढच्या मे महिन्यापर्यंत चालले. लोक तीनचाकी किंवा अंड्याच्या आकाराच्या, मोटारसायकलच्या इंजिनावर चालणाऱ्या 'बबल कार' घेऊ लागले. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे प्रमुख लेनर्ड लॉर्ड यांना या गाड्यांचा मनस्वी तिटकारा होता. त्यांना रस्त्यावरून हटवील अशी, लहान पण खरीखुरी मोटार त्यांना हवी होती. इंजिन कारखान्यात तयार होणाऱ्यांपैकीच वापरायचे, ही त्यांची अट. १९५७ च्या आरंभी हे काम त्यांनी अ‍ॅलेक इसिगोनिस यांच्याकडे सोपवले.

इसिगोनिस यांचा जन्म १९०६ मधला, तुर्कस्तानातील स्मर्ना, म्हणजे आजच्या इझमीर शहरातला. १९४८ ची लोकप्रिय मॉरिस मायनर ही त्यांचीच निर्मिती. पण येथे अधिक महत्त्वाची आहे ती त्याआधीची एक गोष्ट. १९३० च्या दशकात जॉर्ज डाउसन या मित्राच्या साथीने त्यांनी शर्यतीसाठी एक गाडी स्वतःच्या हातांनी बांधली होती. तिचे नावच 'लाइटवेट स्पेशल'. प्लायवूड आणि अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे वापरून केलेला तिचा सांगाडा अत्यंत हलका होता आणि सस्पेन्शनमध्ये रबराचा उपयोग केलेला होता. मोठे इंजिन परवडत नसेल तर वजन कमी करावे, हा धडा ते त्या गाडीतून शिकले. काटकसरीची गाडी बांधण्याचे काम ज्यांच्याकडे आले, त्यांची दृष्टी अशी शर्यतीच्या मैदानावर घडलेली होती.

मिनीची लांबी ठरली दहा फूट, म्हणजे जेमतेम ३.०५ मीटर. तीत चार प्रौढ माणसे बसायला हवीत. मग इंजिनाला जागा कोठून द्यायची? इसिगोनिस यांनी ते आडवे बसवले, गिअरबॉक्स इंजिनाच्या खाली तेलाच्या तळात ठेवला आणि जोर पुढच्या चाकांना दिला. त्यामुळे गाडीच्या पोटातून मागे जाणारा लांब दांडा वाचला. चाके अवघी दहा इंची ठेवली, म्हणजे आतल्या जागेवर त्यांचे अतिक्रमण नको. ती चाके गाडीच्या अगदी चार कोपऱ्यांवर नेली. पोलादी स्प्रिंगांऐवजी अ‍ॅलेक्स मोल्टन यांनी तयार केलेले रबराचे शंकू बसवले, कारण त्यांना जागा कमी लागते. गाडीच्या तळाची सुमारे ऐंशी टक्के जागा अशा रीतीने माणसे आणि सामान यांच्यासाठी मोकळी झाली.

यांतला एकही निर्णय वेगासाठी घेतलेला नव्हता. प्रत्येकामागे इंचाइंचाचा हिशेब होता. तरी परिणाम काय झाला? चाके कोपऱ्यांवर गेल्याने गाडीची बैठक पक्की झाली. रबराच्या ताठ शंकूंमुळे ती वळणावर कलेनाशी झाली. इंजिनाचे वजन पुढच्या चाकांवर असल्याने निसरड्या रस्त्यावर त्या चाकांची पकड वाढली. वजन सुमारे सहाशे किलो, त्यामुळे ब्रेक लावताच थांबणे आणि स्टिअरिंग फिरवताच वळणे सोपे झाले. आधीच्या नमुन्यांत ९४८ सीसीचे इंजिन होते. त्यांनी ताशी ९० मैलांची मजल मारली, तेव्हा सामान्य ग्राहकासाठी हा वेग फार आहे असे ठरवून इंजिन ८४८ सीसीपर्यंत कमी करण्यात आले. किफायतीसाठी आखलेल्या गाडीला वेसण घालावी लागली, ही घटना बोलकी आहे.

२६ ऑगस्ट १९५९ रोजी मिनी बाजारात आली. किंमत करासह सुमारे ४९७ पौंड. दीड वर्षाने, मार्च १९६१ मध्ये, जिनिव्हाच्या प्रदर्शनात जग्वारची 'ई-टाइप' अवतरली. त्या काळातील स्पोर्ट्स कारचे हे सर्वांत देखणे रूप. दोघींची तुलना करणे अन्यायाचे वाटेल, पण ती उद्बोधक आहे. ई-टाइपचे इंजिन ३.८ लिटरचे, कंपनीच्या दाव्यानुसार २६५ अश्वशक्तीचे. मिनीची ताकद ३४ अश्वशक्ती. ताशी साठ मैलांचा वेग घ्यायला ई-टाइपला सात सेकंदांच्या आसपास लागत, मिनीला सत्तावीस. ई-टाइपचा कमाल वेग ताशी २४० किलोमीटरच्या घरात, मिनीचा ११६ च्या. आता हिशेबाची दुसरी बाजू. मिनी लिटरमागे सुमारे चौदा किलोमीटर जाई, ई-टाइप सहा-सात. आणि एका ई-टाइपच्या पैशांत चार मिनी येत.

सरळ रस्त्यावर मिनीचा निभाव लागणे शक्यच नव्हते. याचे कारण हवेत आहे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. वेग दुप्पट हवा तर शक्ती आठपट लागते. म्हणून अतिवेगाच्या राज्यात मोठे इंजिन आणि वाऱ्याला कापणारा आकार यांनाच मान. ई-टाइपचा आकार माल्कम सेयर या वायुगतिकीच्या जाणकाराने गणिताच्या आधारे रेखाटला होता तो उगीच नव्हे. पण रस्ता वळू लागला, अरुंद झाला, बर्फाने झाकला गेला की हे राज्य संपते. तेथे शक्तीपेक्षा पकडीला आणि हलकेपणाला मोल येते.

हे ओळखले जॉन कूपर यांनी. इंजिन चालकाच्या मागे ठेवणाऱ्या त्यांच्या गाड्यांनी १९५९ आणि १९६० अशी लागोपाठ दोन वर्षे फॉर्म्युला वनचे अजिंक्यपद मिळवले होते. त्यांच्या आग्रहावरून १९६१ मध्ये ९९७ सीसीची, ५५ अश्वशक्तीची, पुढे डिस्क ब्रेक असलेली 'मिनी कूपर' निघाली. कंपनीचा स्पर्धाविभाग होता अ‍ॅबिंग्डन गावी, एमजी या स्पोर्ट्स कारच्या कारखान्यात. याच विभागाची चालक पॅट मॉस हिने १९६० मध्ये तीन लिटरच्या ऑस्टिन-हीली या दणकट स्पोर्ट्स कारमधून लिएज-रोम-लिएज ही खडतर रॅली जिंकली होती. तिनेच अ‍ॅन विज्डम या सहचालिकेसह १९६२ मध्ये नेदरलँड्समधली ट्यूलिप रॅली जिंकली, ती मिनी कूपरमधून. चालक तीच, सहचालिका तीच, कारखानाही तोच. इंजिन मात्र एक तृतीयांश.

पुढचा इतिहास माँटे कार्लो रॅलीचा. १९६४ मध्ये पॅडी हॉपकर्क यांनी १०७१ सीसीच्या 'कूपर एस'मधून ती जिंकली. दुसऱ्या क्रमांकावर बो युंगफेल्ट यांची फोर्ड फाल्कन होती, चार लिटरहून मोठ्या, आठ सिलिंडरच्या इंजिनाची. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे : निव्वळ घड्याळात वेगवान टप्प्यांवर फोर्डच पुढे होती आणि लहान इंजिनाला सवलत देणाऱ्या गुणांकामुळे मिनीचे पारडे जड झाले. पण १९६५ मध्ये शंकेला जागा उरली नाही. हिमवादळाने बहुतेक स्पर्धकांना वाटेतच अडवले असताना टिमो मॅकिनेन यांनी मिनीतून बाजी मारली. दुसरी आली ती पोर्शे ९०४, म्हणजे खास शर्यतीसाठी बांधलेली स्पोर्ट्स कार. १९६६ मध्ये पहिले तिन्ही क्रमांक मिनींनी पटकावले, पण पुढच्या दिव्यांच्या नियमावर बोट ठेवून त्या बाद ठरवल्या गेल्या आणि विजय सित्रोएनला मिळाला. १९६७ मध्ये राउनो आल्टोनेन यांनी तो पुन्हा मिनीकडे आणला.

अर्थात काटकसरीलाही किंमत असते. मिनीत बसणे आरामाचे नव्हते. आरंभीच्या गाड्यांत पावसाचे पाणी तळाशी शिरे आणि समोरून येणाऱ्या पाण्याने इंजिनातील ठिणगी विझे. फोर्ड कंपनीने एक मिनी सुटी करून तिच्या खर्चाचा अंदाज बांधला, तेव्हा प्रत्येक गाडीमागे सुमारे तीस पौंडांचा तोटा निघाला असे सांगतात. ग्राहकाची काटकसर कारखानदाराची असेलच असे नाही. पण आडव्या इंजिनाची कल्पना मात्र जगभर गेली. फियाटच्या दांते जियाकोसा यांनी गिअरबॉक्स इंजिनाच्या खाली न ठेवता त्याच्या टोकाला जोडून ती अधिक व्यवहार्य केली आणि पुढे बहुतेक लहान मोटारी याच वाटेने गेल्या.

१९७६ मध्ये फोक्सवॅगनने बाजारात आणलेली 'गोल्फ जीटीआय' याच वंशातली. ११० अश्वशक्ती, वजन आठशे किलोंच्या थोडे वर, कमाल वेग ताशी १८२ किलोमीटर. शिवाय मागे डिकीचे मोठे दार आणि मुलाबाळांना जागा. कंपनीने बेत केला होता पाच हजार गाड्यांचा. पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून अधिक खपल्या. तिच्यासमोर १९६२ पासून चालत आलेली, सुमारे ९५ अश्वशक्तीची 'एमजीबी' ही दोन आसनी स्पोर्ट्स कार पिकअपमध्येही मागे पडू लागली. १९८० मध्ये अ‍ॅबिंग्डनचा कारखाना बंद झाला. त्याला अमेरिकेतील कडक नियम आणि पौंडाचा वाढलेला दर ही कारणेही होती. परंतु संसारी गाडीने हौशी गाडीचे गुण आत्मसात केले होते, हेही तितकेच खरे. पुढे १९८९ मध्ये माझदाने 'एमएक्स-५' आणून दोन आसनी गाडीला नवसंजीवनी दिली ती इंजिन वाढवून नव्हे. घोडा आणि स्वार एकरूप होण्याची जपानी कल्पना पुढे ठेवून त्यांनी वजन साडेनऊशे किलोंच्या आसपास राखले.

आपल्याकडेही हाच धडा वेगळ्या रूपात मिळाला. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी प्रीमियर पद्मिनी आणि डिसेंबर १९८३ मध्ये आलेली मारुती ८००, दोघींची ताकद चाळीस अश्वशक्तीच्या जवळपास. पण पद्मिनी नऊशे किलोंच्या घरात, तर मारुती साडेसहाशेच्या. पुढे आडवे इंजिन, जोर पुढच्या चाकांना. पिकअप आणि अ‍ॅव्हरेज या दोन्ही बाबतींत मारुती सरस ठरली ती शक्तीने नव्हे, वजनाने. गोव्यात १९९० च्या दशकाच्या अखेरीस तयार झालेल्या 'सॅन स्टॉर्म' या दोन आसनी गाडीतही रेनॉच्या लहान मोटारीचे ११४९ सीसीचे इंजिन होते. स्पोर्ट्स कारच रोजच्या गाडीकडून इंजिन उसने घेत होती.

आज हे सारे आठवण्याचे कारण आहे. मूळ मिनीचे उत्पादन २००० मध्ये थांबले, तोवर ५३ लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या होत्या. त्याच नावाची आजची विजेवर चालणारी मिनी दीड टनाहून जड आहे. सुरक्षिततेच्या साधनांनी, सुखसोयींनी आणि बॅटऱ्यांनी हे वजन आणले. त्यांतल्या कित्येक गोष्टींनी जीव वाचवले आहेत, म्हणून त्यांना नाके मुरडण्यात अर्थ नाही. विजेच्या मोटारीने पिकअपचा प्रश्न तर जवळजवळ निकालात काढला आहे : सामान्य कुटुंबाची गाडीही आता जुन्या ई-टाइपला मागे टाकू शकते. पण ते वजन वळणावर सांभाळावे लागते, टायरांना सोसावे लागते आणि त्याची भरपाई विजेच्या बिलातही होते. आपल्याकडे लहान गाडी घेणे हे नाइलाजाचे लक्षण मानले जाऊ लागले आहे आणि अरुंद गल्ल्यांत उंच, अवजड गाड्या उभ्या राहत आहेत. अशा वेळी इतकेच ध्यानात असावे की, दहा फुटांची आणि सहाशे किलोंची मर्यादा पाळणाऱ्या माणसाला चपळाई वेगळी शोधावी लागली नव्हती. ती त्या मर्यादेतूनच आली होती.